शेअर फोल्डरमधली एक्सेल कुणाच्या तरी मशीनवर उघडीच राहते – आपोआप बंद करता येईल का?

गेटपास | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात डिस्पॅच बघते. आमचं डिस्पॅच रजिस्टर म्हणजे शेअर फोल्डरमधली एक एक्सेल फाइल. स्टोअर्स, डिस्पॅच, अकाउंट्स आणि गेट असे चार कॉम्प्युटर आणि वापरणारे नऊ जण. एकाने उघडली की बाकीच्यांना रीड-ओन्ली.

आज दुपारी हालोलची गाडी भरून उभी होती. माल राज्याबाहेर जाणार, किंमत ५०,००० रुपयांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवंच. त्यासाठी इनव्हॉइस नंबर हवा आणि तो आम्ही या रजिस्टरमधूनच घेतो. फाइल स्टोअर्सच्या मशीनवर उघडी, मशीनला पासवर्ड, आणि स्टोअर्सचे दादा प्लेटिंगवाल्याकडे माल तपासायला गेलेले. गाडी ५० मिनिटं उभी राहिली. ड्रायव्हर उन्हात, साहेब केबिनमधून फोनवर फोन करतायत.

रीड-ओन्ली उघडून पुढचा नंबर बघून घ्या, असं कुणी सुचवेल. ते आम्ही एकदा केलंय. मी पाहून घेतला तोच नंबर तिकडे दादांनी दुसऱ्या पार्टीला टाकला. एका नंबरची दोन इनव्हॉइस गेली आणि ११ तारखेच्या जीएसटीआर-१ च्या (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राच्या) आदल्या रात्री ते निस्तरत बसलो.

दादांची चूक नाही हे आधीच सांगते. त्यांना हाक आली की उठून जावंच लागतं, दिवसातून वीस वेळा. म्हणून माणसाला बोलण्यापेक्षा फाइललाच काही करता येतं का ते विचारतेय. १५ मिनिटं कुणी हात लावला नाही तर फाइल आपोआप बंद व्हावी. मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम) रेकॉर्ड करता येतो, थोडा बदलताही येतो, त्यापुढे नाही. ऑफिस २०१३ आहे.

---

सह्यवेडी | सोमवार, रात्री ९:४८

आधी एक सोपी गोष्ट बघा. फाइल लॉक असल्याचा निरोप येतो त्यात कुणाचं नाव दिसतं? आमच्याकडे चारही मशीनवर एकच नाव दिसायचं, कारण कॉम्प्युटर बसवणाऱ्याने सगळीकडे तेच टाकलं होतं. फाइल कुणाकडे अडकलीय हे शोधायला चार खोल्या फिरायच्या.

ते नाव एक्सेलच्या ऑप्शन्समधल्या जनरल पानावरून येतं. तिथे 'स्टोअर्स', 'गेट', 'अकाउंट्स' असं लिहून टाका. ऑफिसला खात्याने साइन-इन केलेलं असेल तर खालच्या 'साइन-इन काहीही असो, हेच वापरा' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करा, नाहीतर खात्याचंच नाव दिसत राहतं.

---

गेटपास | सोमवार, रात्री १०:०५

अगदी हेच! आमच्याकडे सगळीकडे 'यूजर' दिसतं. उद्या सकाळी पहिलं काम हे.

---

जुना_टंकलेखक | सोमवार, रात्री ११:३०

ताई, होतं हे. पंधराएक वर्षं मी अशा फाइली बांधतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्सेलमध्ये ॲक्सेससारखा फॉर्मचा टायमर नाही. आहे ते ॲप्लिकेशन.ऑनटाइम, म्हणजे 'अमुक वाजता अमुक मॅक्रो चालव' असं एक्सेलला सांगून ठेवायचं. नेटवर बहुतेक ठिकाणी पद्धत दिलेली असते ती अशी: सेलवर टिचकी पडली की आधीचा गजर रद्द करायचा आणि १५ मिनिटांनंतरचा नवा लावायचा. चालतं, पण नाजूक आहे. गजर रद्द करताना लावलेली वेळ सेकंदासकट तीच द्यावी लागते. जरा फरक पडला की एरर येते आणि जुना गजर तसाच राहतो.

मी वेगळं करतो. फाइलमध्ये एक पब्लिक व्हेरिएबल, म्हणजे मॅक्रोंची लक्षात ठेवायची जागा, ठेवतो: शेवटच्या हालचालीची वेळ. वर्कबुकच्या शीटचेंज आणि शीटसिलेक्शनचेंज (सेल बदलला किंवा निवडला की आपोआप चालणारे मॅक्रो) या दोन्ही इव्हेंटमध्ये फक्त 'आत्ताची वेळ' त्यात टाकायची, बाकी काही नाही. शीटवर मात्र काही लिहू नका. मॅक्रोने शीटवर लिहिलं की लोकांचं अनडू जातं, मग तुमच्या नावाने ओरडतील. वर्कबुक_ओपनमध्ये एक मिनिटानंतरचा गजर लावायचा. तो मॅक्रो उठून बघतो की शेवटच्या हालचालीला १५ मिनिटं झाली का. झाली असतील तर फाइल बंद, नसतील तर आणखी एका मिनिटाचा गजर.

दोन गोष्टी विसरू नका. बंद करताना 'धिसवर्कबुक', म्हणजे मॅक्रो ज्या फाइलमध्ये आहे तीच, बंद करा. ॲप्लिकेशन.क्विट लिहिलंत तर त्या माणसाच्या उघड्या असलेल्या बाकीच्या फाइलीही जातील. 'ॲक्टिव्हवर्कबुक'ही नको, कारण त्या क्षणी समोर दुसरीच फाइल असू शकते. आणि सुरुवातीलाच फाइल रीड-ओन्ली उघडलीय का ते तपासा. असेल तर गजर लावूच नका, ती कुणाला अडवत नाही.

---

गेटपास | मंगळवार, दुपारी २:१०

काका, खूप आभार. सकाळी चहाच्या सुट्टीत करून पाहिलं. फाइल बंद होते! पण एक विचित्र प्रकार झाला. मी स्वतः काम संपवून फाइल बंद केली, दुसरी फाइल उघडी होती. मिनिटभरात रजिस्टर आपोआप परत उघडलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

---

जुना_टंकलेखक | मंगळवार, दुपारी ३:००

हे कालच लिहायला हवं होतं. गजर एक्सेलकडे असतो, फाइलकडे नाही. फाइल बंद झाली तरी एक्सेल चालू असेल तर ते दिलेल्या वेळी फाइल उघडून मॅक्रो चालवतं. म्हणून पुढच्या गजराची वेळही व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि वर्कबुक_बिफोरक्लोजमध्ये ती देऊन, शेड्यूल फॉल्स करून गजर काढायचा. गजर नसेल तेव्हा एरर येते, तेवढ्या ओळीपुरती ती गिळा.

इथेही एक फट आहे. 'सेव्ह करू का' विचारल्यावर कुणी कॅन्सल दाबलं तर बिफोरक्लोज होऊन गेलेलं असतं, गजर निघालेला असतो आणि फाइल मात्र उघडीच. म्हणून हालचालीच्या इव्हेंटमध्ये 'गजर नसेल तर लाव' एवढं घाला.

दुसरा सापळा तुमच्या आधीच्या मॅक्रोंमुळे येईल. कुठलाही मॅक्रो अडकला आणि समोरच्याने 'एंड' दाबलं की सगळी पब्लिक व्हेरिएबल्स शून्य होतात. व्हीबीएच्या हिशोबात शून्य तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९. गजर मात्र एक्सेलकडे शाबूत असतो. तो उठला की त्याला वाटतं, शंभरावर वर्षं कुणी फाइलला हात लावलेला नाही, आणि माणूस काम करत असतानाच फाइल बंद. तेव्हा वेळ शून्य दिसली तर बंद न करता 'आत्ता' भरा आणि पुढे जा.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

थांबा. बंद कशी करायची यावर सगळे बोलतायत, पण बंद करताना सेव्ह करायची की नाही, हे कुणीच विचारलेलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मी एका फाउंड्रीत रात्रपाळीला असतो. आमच्याकडे असाच मॅक्रो होता, बंद करताना सेव्ह करणारा. नोंद करायची सगळ्यांची पद्धत एकच: वरची ओळ कॉपी करून खाली चिकटवायची आणि मग एकेक रकाना बदलायचा. एका रात्री पोराने ओळ चिकटवली, पार्टीचं नाव बदललं, तेवढ्यात फर्नेसवरून हाक आली. तो धावला. मॅक्रोने वीस मिनिटांनी फाइल सेव्ह करून बंद केली. रजिस्टरमध्ये नव्या पार्टीच्या नावापुढे जुन्या पार्टीची संख्या आणि हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा नंबर). ओळ दिसायला पूर्ण, कुठे रिकामी जागा नाही, लाल खूण नाही. सकाळच्या पाळीने त्यावरून टेस्ट सर्टिफिकेट काढलं. माल परत आला. सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या माणसाला जे ऐकावं लागलं ते मी समोर उभं राहून पाहिलंय, आणि त्या पोराने पुढे दोन महिने कॉम्प्युटरला हात लावला नाही.

रिकामी ओळ कुणालाही कळते, अर्धवट भरलेली ओळ कळत नाही. माणसाने स्वतः सेव्ह दाबलं म्हणजे त्याने 'माझं झालं' म्हटलं. ते मॅक्रोने त्याच्या वतीने म्हणू नये.

---

कोकणमेवा | बुधवार, सकाळी ८:१५

रात्रपाळी, तुमचं दुःख समजतं, पण सेव्ह न करता बंद करणंही तितकंच वाईट. मी रत्नागिरीत आंबा पॅकिंगच्या हंगामात पेट्यांची आवक लिहिते. सकाळच्या दोन तासांत पाऊणशे नोंदी होतात आणि मध्ये सेव्ह करायची शुद्ध राहत नाही. मी गाडी उतरवायला गेले आणि मॅक्रोने सगळं टाकून दिलं तर शेतकऱ्याला काय सांगू, तुमच्या पेट्या कॉम्प्युटरने पुसल्या? अर्धी ओळ चुकीची जाईल, पण चौऱ्याहत्तर ओळी तर वाचतील.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:४०

कोकणमेवा ताई, पाऊणशे ओळी जाणं मलाही मान्य नाही. पण गेलेल्या ओळी तुम्ही त्याच दिवशी शोधाल, पेट्या समोर असतात, पावतीपुस्तक असतं. चुकीची एक ओळ महिन्याने सापडते, तेव्हा आंबाही नसतो आणि आठवणही नसते.

---

जुना_टंकलेखक | बुधवार, सकाळी १०:२०

तुम्हा दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दोन्ही टाळू. सेव्हकॉपीअ‍ॅज वापरा. मूळ फाइलला धक्का न लावता, त्या क्षणी आहे तशी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता येते. नावात मशीन आणि वेळ घाला (वेळेतला कोलन काढा, फाइलच्या नावात तो चालत नाही). मग मूळ फाइल सेव्ह न करता बंद. माणूस परत आला की प्रत उघडतो, स्वतःच्या ओळी बघतो आणि पूर्ण करून मूळ रजिस्टरमध्ये टाकतो. चौऱ्याहत्तर ओळीही वाचतात आणि 'झालं' म्हणण्याचा हक्क माणसाकडेच राहतो.

प्रतीतही तोच मॅक्रो असतो, म्हणून ती उघडली की तिचाही गजर लागेल आणि प्रतीची प्रत निघेल. ओपनमध्ये फाइलचा पाथ तपासा, मूळ फोल्डर नसेल तर गजर नाही.

---

आडवाटेचा | बुधवार, दुपारी १२:०५

प्रत काढायची की नाही हे फाइलच्या 'सेव्ह्ड' गुणधर्मावरून ठरवू नका. शीटमध्ये टुडे() किंवा नाऊ() असेल तर नुसती उघडली तरी फाइल 'बदललेली' दिसते. आमच्या फोल्डरमध्ये दिवसाला तीस प्रती साठायच्या आणि एकीतही बदल नसायचा. मग खरी प्रत त्या ढिगात कोण शोधणार? स्वतःचा एक झेंडा ठेवा, शीटचेंजमध्ये ट्रू आणि सेव्ह झाल्यावर फॉल्स. नुसत्या रिकॅल्क्युलेशनने शीटचेंज चालत नाही, त्यामुळे हा झेंडा खोटं बोलत नाही.

---

गेटपास | बुधवार, रात्री ९:४०

हा धागा मी प्रिंट काढून दादांना दाखवला. रात्रपाळींची पोस्ट त्यांनी दोनदा वाचली. आमच्याकडेही वरची ओळ कॉपी करूनच नोंद होते. आज आम्ही ठरवलं की कॉपी केल्यावर आधी संख्येचा रकाना रिकामा करायचा, मग बाकीचं.

अडचण मात्र एक आलीय. आज दादा २५ मिनिटं जागेवर नव्हते, तरी फाइल बंद झाली नाही. ते परत आले तेव्हा एका सेलमध्ये कर्सर लुकलुकत होता.

---

जुना_टंकलेखक | बुधवार, रात्री १०:३०

याला मॅक्रोत उपाय नाही, हे सरळ सांगतो. सेलमध्ये टायपिंग चालू असताना, म्हणजे एंटर दाबलेलं नसताना, ऑनटाइम थांबून राहतं. लुकलुकता कर्सर सोडून माणूस रात्री घरी गेला तर फाइल रात्रभर उघडी. कुठली चौकट समोर उघडी असली तरी तेच. म्हणूनच 'अजून काम चालू आहे का' असं विचारायला मेसेजबॉक्स वापरू नका. उत्तर मिळेपर्यंत तोच सगळं अडवून धरतो, आणि उत्तर देणारा तर जागेवर नाही. मोडलेस यूजरफॉर्म, म्हणजे उघडा असतानाही मागे काम करू देणारी छोटी चौकट, दाखवा, तो कुणाला अडवत नाही.

कर्सरचं मात्र सवयीनेच सुटेल. उठताना एंटर.

---

तांबडं_फुटलं | गुरुवार, सकाळी ७:३०

मी सिस्टिम ॲडमिन आहे. अशा अडकलेल्या वेळेसाठी सर्व्हरकडून दार आहे. विंडोज सर्व्हर असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली ओपन फाइल्स बघा. कुणी काय उघडलंय ते दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. सर्व्हर २०१२ पासून पॉवरशेलमधूनही (विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीतून) होतं, गेट-एसएमबीओपनफाइल आणि क्लोज-एसएमबीओपनफाइल.

पण हे दर पंधरा मिनिटांनी आपोआप चालवायला लावू नका, मला हात जोडून सांगायचंय. सर्व्हरला फाइल किती वेळ उघडी आहे हे कळतं, माणूस टाइप करतोय की नाही ते कळत नाही. शिवाय सर्व्हरने फाइलची जोडणी तोडली तरी त्या माणसाच्या पडद्यावर फाइल तशीच दिसत राहते. मधल्या वेळात दुसऱ्याने उघडून चार नोंदी सेव्ह केल्या आणि मग पहिल्याने येऊन सेव्ह दाबलं, तर एक्सेल विचारतं: फाइल दुसऱ्याने बदललेली असू शकते, प्रत ठेवू की त्यावरच लिहू? घाईतला माणूस 'त्यावरच लिहू' दाबतो आणि दुसऱ्याच्या चार नोंदी गेल्या. हे दार एका माणसाच्या हातात ठेवा आणि तोडण्याआधी अडकलेल्या माणसाला फोन करा.

वीज गेल्यावर कुणीही उघडलेली नसताना फाइल लॉक दिसते, त्याचं कारण वेगळं. फाइल उघडताना शेजारी तिच्याच नावाची, सुरुवातीला टिल्ड आणि डॉलरचं चिन्ह असलेली लपलेली फाइल तयार होते. मशीन धाडकन बंद झालं तर ती मागे राहू शकते. खरंच कुणी उघडलेली नाही याची खात्री करून ती काढा. लिबरऑफिसही असंच करतं, त्याच्या फाइलीच्या नावात 'लॉक' असतं.

---

आखातकर | गुरुवार, सकाळी ११:००

इतकं करण्यापेक्षा वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर फाइल टाका आणि एक्सेल ३६५ घ्या. सगळे एकाच वेळी लिहितात, लॉकचा विषयच संपतो. आम्ही शारजात पाच वर्षं तेच वापरतोय.

---

गेटपास | गुरुवार, दुपारी १:२०

आखातकर, घ्यायला आवडेल. पण नऊ लायसन्सचा दरमहा खर्च साहेबांना पटवणं माझ्या हातात नाही, आणि आमच्या भागात इंटरनेट गेलं की गेटवर गाडी अडेल ती वेगळी. आमच्या २०१३ मध्ये रिव्ह्यू टॅबवर 'शेअर वर्कबुक' दिसतं, ते चालेल का?

---

जुना_टंकलेखक | गुरुवार, दुपारी २:००

त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात टेबल चालत नाहीत, सेल मर्ज करता येत नाहीत, मॅक्रो बदलता येत नाहीत. आणि दोघांनी एकच नंबर घेतला तर ते सेव्ह करताना कळतं, म्हणजे तुमचा मूळ त्रास तसाच. इनव्हॉइस नंबरसाठी एका वेळी एकानेच लिहिणं हे तुमच्या फायद्याचं आहे. लॉक राहू दे, तो वेळेवर सुटला म्हणजे झालं.

---

सह्यवेडी | गुरुवार, दुपारी ४:४५

एक विचारू? नऊ जणांपैकी लिहिणारे किती आणि नुसतं बघणारे किती?

---

गेटपास | गुरुवार, सायंकाळी ६:१०

लिहिणारे चार. अकाउंट्सचे तिघे आणि साहेब फक्त बघतात. गेटवरचे काका गाडी नंबर बघतात.

---

सह्यवेडी | गुरुवार, सायंकाळी ६:३०

मग पाच जण विनाकारण लॉक धरतायत. सेव्ह अ‍ॅजच्या चौकटीत टूल्सखाली जनरल ऑप्शन्स आहे, तिथे 'रीड-ओन्ली रेकमेंडेड'वर खूण करा. उघडताना एक्सेल प्रत्येकाला रीड-ओन्ली हवी का विचारेल. बघणाऱ्यांनी 'हो' म्हणायचं, लिहिणाऱ्यांनी 'नाही'.

बघणाऱ्यांसाठी हे आणखी एका कारणाने हवं. नुसतं स्क्रोल केल्याने एक्सेलमध्ये कुठलाच इव्हेंट होत नाही. साहेब दहा मिनिटं रजिस्टर खालवर बघत बसले, एकही सेल टिचकला नाही, तर मॅक्रोच्या दृष्टीने ते जागेवरच नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर फाइल बंद झाली तर तुमचा मॅक्रो त्याच दिवशी काढायला लावतील.

---

आडवाटेचा | शुक्रवार, सकाळी ९:१५

मॅक्रो बंद ठेवून कुणी फाइल उघडली तर यातलं काहीच चालणार नाही, तेही बघून ठेवा. चारही मशीनवर ते शेअर फोल्डर ट्रस्टेड लोकेशन (जिथले मॅक्रो एक्सेल न विचारता चालू देतं) म्हणून घाला आणि नेटवर्कवरच्या जागांना परवानगी देणारी चौकटही टिका, ती मुळात रिकामी असते. खात्री हवी असेल तर 'मॅक्रो चालू करा' एवढंच लिहिलेलं एक पान ठेवा आणि बाकीची पानं 'व्हेरी हिडन' (नेहमीच्या 'अनहाइड'मध्येही न दिसणारी) करून सेव्ह होतील असं करा. मॅक्रो चालला तरच ती उघडतात.

---

गेटपास | पुढचा शनिवार, रात्री ८:३०

आठवडा झाला, म्हणून सांगायला आले.

नावं बदलली. बघणाऱ्या पाच जणांना रीड-ओन्लीची सवय लावली, आणि खरं सांगते, निम्मा त्रास तिथेच गेला. १५ मिनिटं कमी पडायला लागली, दादांना गेटपर्यंत जाऊन माल मोजून यायलाच तेवढा वेळ लागतो, म्हणून २० केली. १८ व्या मिनिटाला छोटा पिवळा फॉर्म येतो, 'मी आहे' असं एक बटण. कुणी दाबलं नाही तर बदल असतील तेव्हाच प्रत ठेवून फाइल बंद होते.

आठवड्यात सहा प्रती निघाल्या. चार दादांच्या, एक माझी, एक गेटची. मंगळवारच्या प्रतीत एक ओळ अशी सापडली की पार्टीचं नाव नवं, संख्येचा रकाना रिकामा. दादांनी ती उघडली, फोन लावून संख्या विचारली, रजिस्टरमध्ये टाकली आणि प्रत पुसली. सकाळी आल्यावर ते आता आधी त्या फोल्डरमध्ये डोकावतात, मग चहा घेतात.

लुकलुकणारा कर्सर दोनदा झाला. दोन्ही वेळा मीच फोन केला, दादांनी मला पासवर्ड सांगितला, मी जाऊन एंटर दाबलं.

---

रात्रपाळी | पुढचा शनिवार, रात्री ११:४०

ताई, तो १८ व्या मिनिटाचा फॉर्म कसा केला तेवढं सविस्तर लिहाल का? आमचा सेव्ह करणारा मॅक्रो त्या प्रकारानंतर काढूनच टाकला होता. त्या पोराला घेऊन हा नवीन बसवतो, बांधणी त्यालाच करू देतो.

---

गेटपास | रविवार, सकाळी १०:०५

नक्की. फॉर्मवर एक लेबल आणि एक बटण, बाकी काही नाही. दाखवताना शो करून पुढे व्हीबीमोडलेस लिहा. बटणाच्या क्लिकमध्ये दोनच ओळी आहेत: शेवटच्या हालचालीची वेळ 'आत्ता' करायची आणि फॉर्म अनलोड करायचा. दर मिनिटाचा मॅक्रो १८ मिनिटं झाली की फॉर्म दाखवतो आणि २० झाली की आधी फॉर्म अनलोड करून मग प्रत काढून फाइल बंद करतो. त्याला सांगा, तपासताना २० च्या जागी २ घालून बघ, नाहीतर दर वेळी वीस मिनिटं बसून राहावं लागतं.